रिकिबीचं माप

लालबाग, ९ नोव्हेंबर २०२४

अक्षदा,

खोकं पोचलं. दोघा जणांनी जिन्यावरून कसंबसं वर आणलं आणि सही घेऊन गेले. पाठवणाऱ्याच्या जागी तुझं नाव, तुझंच अक्षर, खाली मोन्टानाचा पत्ता. आत चिठ्ठी असेल म्हणून आईने गुंडाळलेला सगळा कागद एकेक करून सरळ केला. चिठ्ठी नव्हती. खोगीर होतं.

पत्र का लिहितो ते आधी सांगतो. तुझा नंबर बदललाय. नसता बदलला तरी फोनवर आपण दोघं लगेच भांडतो. पत्रात भांडायला वेळ लागतो. परळच्या कॉलेजातून जनावरांची डॉक्टर झालीस, पुढे शिकायला अमेरिकेला गेलीस, ते काय शिक्षण सोडून घोड्यावरून गुरं राखायला, असं मी तेव्हा म्हटलं होतं. त्यावर मी आजही भांडू शकतो. पण आज खोगिराचं बोलायचंय.

शिलाई मशीनशेजारी जुना स्टँड पडला होता, त्यावर गोधडी टाकून ते ठेवलंय. वजनाला आपल्या गॅस सिलिंडरसारखं. मी आयुष्यभर कपडे शिवले, पण असली शिलाई पाहिली नाही. एवढं जाड चामडं आणि टाका कुठे चुकलेला नाही. खालून लोकर लावलीय. पुढे मुठीएवढं शिंग आहे ते कशाला? पाठीमागचा भाग खुर्चीसारखा उंच का? कडेला चामड्याच्या बारीक नाड्या लोंबतात, त्यांना काय बांधतात? आणि पाय ठेवायच्या रिकिबी इतक्या रुंद का, आपल्या वरातीच्या घोड्याला तर लोखंडाच्या बारीक कड्या असतात.

समोरच्या खोलीतला अमित आठवत असेल. त्याने मोबाईलवर बघून सांगितलं, "काका, हे वेस्टर्न सॅडल. काउबॉय लोकांचं. आपल्या रेसवाल्यांचं वेगळं असतं." मी विचारलं, एवढ्याने घोड्यावर बसता येतं? तर तो वाचायला लागला. खोगिराखाली जाड पॅड लागतं. लगाम लागतो. उंच टाचेचे बूट, म्हणजे पाय रिकिबीतून आरपार जात नाही. टोपी नाहीतर हेल्मेट, दोर, खरारा, खुरातली माती काढायची आकडी.

मी पुन्हा खोक्यात डोकावलो. यातलं काहीच नव्हतं. मी अमितला म्हटलं, बाकीचं मागून येत असेल.

आई तेव्हा तांदूळ निवडत होती. अमित गेल्यावर ती एवढंच म्हणाली, "खोगीर इला. चेडू खय आसा?"

मुलगी कुठे आहे, याचं उत्तर मी तुझ्यावर सोपवतो. तुला येत असेल तर दे.

बाबा


लालबाग, ८ डिसेंबर २०२४

अक्षदा,

तुझं कार्ड मिळालं. शिंगाला दोर गुंडाळतात आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला वासरू असतं, हे वाचून मी बराच वेळ त्या शिंगाकडे बघत बसलो. वासरू ओढतं तेव्हा घोड्याने मागे रेटायचं असतं, बरोबर? म्हणून मागची पाठ उंच. आता कळलं. नाड्यांना रेनकोट बांधतात तेही आवडलं.

"उन्हात ठेवू नका, दमट हवेत बुरशी येईल, सॅडल सोप लावा. मी बरी आहे." असं तू लिहिलंस. बरं असलेला माणूस ते सुरुवातीला लिहितो गो.

असो. तो साबण लालबागेत कोणाला ठाऊक नाही. अमित म्हणाला, महालक्ष्मीच्या बाजूला घोडेस्वारी शिकवतात तिथे विचारा. गेलो. तिथे रश्मी नावाच्या बाई शिकवतात. पन्नाशीच्या, केस बारीक कापलेले, आवाज मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जातो. साबणाचा डबा त्यांनी लगेच दिला, पण खोगिराचं ऐकून साबण राहिला बाजूला. "वेस्टर्न? लालबागमध्ये? मी फक्त व्हिडिओत पाहिलंय. आणा ना एकदा." मग मी आणि अमित टॅक्सीत घालून घेऊन गेलो.

त्यांनी आपलं एक खोगीर शेजारी ठेवलं. ते एका हाताने उचलता येतं. म्हणाल्या, "आमच्या खोगिरावर माणूस घोड्यावर बसतो. तुमच्या मुलीच्या खोगिरावर माणूस घोड्यावर राहायला जातो." दिवसभर डोंगरात हिंडायचं तर वजन घोड्याच्या पाठीवर पसरायला हवं, म्हणून ते एवढं मोठं. पोटाखालच्या पट्ट्याला त्या तंग म्हणतात. मी म्हटलं, आमच्या धंद्यात तंग म्हणजे गिऱ्हाईक परत आणतो ती पँट. त्या खूप हसल्या.

घरी येऊन साबण लावायला बसलो. रिकिबीचे पट्टे पुसताना एक दिसलं.

माझ्याकडे शर्ट दुरुस्तीला आला की घालणारा कसा उभा राहतो ते मला कळतं. कोणाचा एक खांदा उतरलेला, कोणी खिशात एकच हात घालतो. तसं या पट्ट्यांवर बक्कल अडकवायची भोकं आहेत. दोन्ही पट्ट्यांवर एकाच जागी बक्कल घासून काळी खूण पडलीय. वर्षानुवर्षं दोन्ही पाय सारखे. पण डाव्या पट्ट्यावर, त्या खुणेच्या दीड बोट वर, एक नवीन भोक आहे. कारखान्याचं नाही, कोणीतरी हाताने पाडलेलं. त्याच्या कडा अजून पांढऱ्या आहेत. आणि बक्कल आता त्याच भोकात आहे, म्हणजे डावी रिकीब उजवीपेक्षा वर.

मी दोनदा टेप लावला. मग आईला काही न सांगता पट्टा परत होता तसा ठेवला.

अक्षू, तुझ्या डाव्या पायाला काय झालं?

बाबा


मोन्टाना, २ जानेवारी २०२५

बाबा,

मला वाटलं होतं तुम्ही शिंगाबद्दल विचाराल, शिलाईबद्दल विचाराल. बकलाकडे बघाल असं वाटलं नव्हतं. खरं तर वाटायला हवं होतं.

जूनमध्ये आम्ही गुरं वरच्या कुरणात चढवत होतो. सुट्या दगडांचा उतार होता. घोडा घसरला आणि माझ्यासकट डाव्या कुशीवर पडला. तो उठला, त्याला खरचटण्यापलीकडे काही नाही. माझा खुबा मोडला. ऑपरेशन झालं, आत प्लेट आहे. पाय थोडा आखूड राहिला, चालताना कळतं. कामावरची माणसं चांगली आहेत, त्यांनी मला ऑफिसात बसवलंय. औषधांच्या ऑर्डरी, गुरांच्या नोंदी असलं काम.

पाय हा प्रॉब्लेम नाही, बाबा. ऑक्टोबरमध्ये मी ते भोक पाडलं आणि परत बसले. डॉक्टरने परवानगी दिली होती. शांत घोडा होता, कुंपणाच्या आत. तो चालत होता तोवर ठीक. जरा दुडकायला लागला आणि मला वाटलं खोगीर उजवीकडे फिरतंय, मी पडतेय. फिरत नव्हतं, सगळे बघत होते. माझे हात लगाम ओढत राहिले, सोडायला सांगितलं तरी सुटेनात. उतरले आणि पुन्हा चढले नाही. मला भीती वाटते. हे मराठीत लिहायला बरं वाटतंय, इथे कोणाला बोलले नाही.

बूट, दोर, लगाम, पॅड सगळं वाटून टाकलं. खोगीर कोणाला देववेना आणि रोज डोळ्यासमोर बघवेना. मला असं एकच घर माहीत होतं जिथे कोणाची वस्तू फेकत नाहीत. गिऱ्हाईक वर्षभर फिरकलं नाही तरी तुम्ही त्याचा कोट टांगून ठेवता.

आईला सांगू नका. आणि चिठ्ठी का नव्हती, तर चिठ्ठी लिहिली असती तर हे सगळं लिहावं लागलं असतं.

अक्षू


लालबाग, २ फेब्रुवारी २०२५

अक्षू,

आईला सांगू नका म्हणतेस, पण पाकीट तिनेच फोडलं. ओट्याशी उभं राहून वाचलं, मग गॅस बंद केला आणि खाली बसली. "पायात लोखंडाची पट्टी घातली, नि माका आता कळता," एवढंच. दिवसभर माझ्याशी नाही, भांड्यांशी बोलत होती. संध्याकाळी चहा ठेवताना म्हणाली, "चेडू भियाता म्हणून लिवता ना? म्हणजे तेका परत बसाचा आसा. नायतर लिवला नसता."

मी तुला बस म्हणत नाही. बसू नको असंही म्हणत नाही. पण मला एक कळेना. तू ज्याला घाबरतेस ते असतं कसं? मी घोड्याला लांबूनच पाहिलेला माणूस. म्हणून गेल्या रविवारी रश्मीबाईंकडे गेलो आणि म्हटलं, मला ह्याच खोगिरावर बसवा.

त्यांनी आधी वय विचारलं, मग बीपीची गोळी घेतली का विचारलं, मग हेल्मेट घातलं. त्यांच्याकडे शेवंती नावाची म्हातारी घोडी आहे, तपकिरी रंगाची, स्वभावाने आपल्या खालच्या मजल्यावरच्या काकूंसारखी, कशाने दचकत नाही. तिच्या पाठीवर आधी जाड नमदा, म्हणजे खोगिराखालचं पॅड, टाकला, मग तुझं खोगीर. तंग आवळला, ती पोट फुगवून उभी राहिली. रश्मीबाई म्हणाल्या, "ही सगळ्यांना फसवते, थोडं थांबून परत आवळायचा." मी स्टुलावर चढून बसलो. तुझ्याच बकलावर, जसं आहे तसं.

वर गेल्यावर पहिलं काय वाटलं सांगू? ऊब. चामड्यातून जनावराची ऊब येते आणि खाली कोणीतरी श्वास घेतंय हे मांड्यांना कळतं. मला कोणी हे सांगितलं नव्हतं. आणि उंची. शेवंती एक पाऊल पुढे गेली आणि माझा हात शिंगावर गेला तो तिथेच राहिला. वासराचं काय ते काउबॉय बघून घेतील, माझ्यासाठी ते शिंग माणसाला धरायलाच केलेलं आहे.

चालत होती तोवर ठीक. मी म्हटलं, जरा पळवा. रश्मीबाई नको म्हणत होत्या, मी हट्ट केला. ती दुडकली आणि अक्षू, मी घाबरलो. असा घाबरलो की दोन्ही हातांनी शिंगाला लटकलो. माझा डावा गुडघा वर आलेला, सगळं अंग उजवीकडे ढकललं जात होतं. त्यांनी लगेच थांबवली. उतरलो तेव्हा रश्मीबाई पाणी देत होत्या. आता मला माहीत आहे तुला कशाची भीती वाटते. सगळी नाही, थोडीशी.

माझे दोन्ही पाय सारखे, म्हणून मी त्या बकलावर वाकडा बसणारच. पण तू लिहिलंस, खोगीर उजवीकडे फिरतंय असं वाटलं. मीही उजवीकडेच जात होतो. यावरून मला एक शंका आलीय. ते भोक तू कसं मोजून पाडलंस? की अंदाजाने? दुखत होतं म्हणून जास्तच वर पाडलंस का?

एक कर. कडक पलंगावर सरळ झोप. कोणालातरी कमरेच्या हाडाच्या टोकापासून आतल्या घोट्यापर्यंत टेप लावायला सांग. आधी उजवा, मग डावा. टेप ताणायचा नाही आणि सैलही सोडायचा नाही. दोन्ही आकडे मला कळव.

बाबा


लालबाग, १ मार्च २०२५

अक्षू,

मापं मिळाली. म्हणजे अंदाजच होता. पायात फरक आहे तो अर्ध्या बोटाचा, आणि भोक पाडलंस दीड बोट वर. डावा पाय सगळा वेळ तुला उजवीकडे ढकलत होता. तुझी भीती खोटी होती असं मी म्हणत नाही, मी स्वतः ती चाखलीय. पण तिच्यातला काही भाग मापाचा होता, आणि माप दुरुस्त करता येतं.

रश्मीबाईंशी बोललो. त्या म्हणाल्या, दोन्ही पट्टे सारख्याच भोकात असले तर खोगीर दोन्हीकडून सारखं ओढलं जातं. म्हणून बक्कल मी परत जुन्या खुणेवर आणलं. आणि डाव्या रिकिबीत पाऊल टेकतं तिथे चामड्याचे थर चढवलेत, अर्ध्या बोटाचे, वरून खरबरीत बाजू ठेवून म्हणजे बूट सरकणार नाही. चामडं करी रोडवरच्या चपलावाल्याने दिलं, शिलाई माझी. पहिल्यांदा टाका घातला तेव्हा सुई मोडली, दुसऱ्यांदा जमलं. नवीन नमदाही कापून ठेवलाय.

तू विचारलंस, खोगीर परत पाठवाल का. तुला तिकडे घोडे सांभाळणाऱ्या संस्थेत काम मिळालंय, तिथे ज्यांना चालता येत नाही अशा लोकांना घोड्यावर बसवतात, हे आईला मी वाचून दाखवलं. तिने दोनदा वाचायला लावलं.

नाही, पाठवत नाही. ट्रायलला आल्याशिवाय मी कोणाचा कपडा देत नाही, हे तुला लहानपणापासून माहीत आहे. येऊन माप दे, मग घेऊन जा.

बाबा


लालबाग, २० एप्रिल २०२५

अक्षदा बाय,

यांच्या पत्रात मी दोन ओळींची असते. म्हणून आज माझं वेगळं पत्र. शुद्धलेखन बघू नको.

तू येऊन गेलीस, त्या ट्रायलबद्दल यांनी तुला लिहिलं असेल. रिकीब बरोबर बसली, कुठे दाबत नव्हती, एवढंच लिहिलं असेल. ते खोगिराकडेच बघत होते. मी तुझ्याकडे बघत होते.

मला यायचं नव्हतं, तूच ओढून नेलंस. त्या घोडीजवळ गेलीस आणि किती वेळ नुसती तिच्या मानेवर हात ठेवून उभी राहिलीस. रश्मीबाई म्हणाल्या, घाई नाही. मग चढलीस. पहिल्या फेरीला तुझा चेहरा तापात असायचा तसा पांढरा होता. ओठ हलत होते. मला वाटलं देवाचं नाव घेतेस, नंतर कळलं घोडीशी बोलत होतीस. दुसऱ्या फेरीला ती दुडकायला लागली आणि तुझे दोन्ही हात लगामाला घट्ट झाले, मला एवढ्या लांबून दिसले. मी यांचा हात धरला. यांना वाटलं मला चक्कर येते, ते मला बसवायला बघत होते. मी म्हटलं, गप उभे राहा.

तेवढ्यात मैदानावरून हेलिकॉप्टर गेलं. एवढं खाली, की माझेच कान बसले. सगळे म्हणतात ती घोडी दचकत नाही. ती दचकली. बाजूला उडीच मारली तिने. रश्मीबाई धावल्या. तू एक हात शिंगावर टाकलास, डोकं खाली केलंस, आणि बसून राहिलीस. मग डावा पाय त्या चामड्यावर रोवून सरळ झालीस आणि तिला गोल फिरवून शांत केलंस. कोणी मदत केली नाही. तुझ्याजवळ कोणी पोचायच्या आधी झालं सगळं.

तेव्हा तू आमच्याकडे बघितलंस. रडत होतीस की हसत होतीस, मला अजून कळलेलं नाही. पण एक कळलं. ही परत जाणार. इथे राहा म्हणून सांगायचं मी ठरवून आले होते, लाडू वळताना सगळी वाक्यं तयार केली होती. घरी येताना टॅक्सीत ती गिळली. तू माझ्याकडे दोनदा बघितलंस, मी खिडकीबाहेर बघत बसले. तुला वाटलं असेल आई रागावली. रागावले नव्हते. मी बोलले असते तर रडले असते, आणि तो टॅक्सीवाला बडबड्या होता.

हे तुला सांगायला लिहिते. मला राग नाही.

खोगीर तू घेऊन गेलीस तरी तुझे बाबा रविवारी अजून तिकडे जातात. रश्मीबाईंनी त्यांना घोड्यांचे नमदे शिवायला दिलेत. शेवंतीवर एक फेरी मारतात, चालत चालत. पळवायचं नाव काढत नाहीत. माका म्हणतात, तू पण बस. माका नको.

पण मी एक काम केलं. अमितबरोबर जाऊन पासपोर्टचा फॉर्म भरला. यांचा पण. फोटोवाल्याने चार वेळा मान सरळ करायला लावली. व्हिसाला वेळ लागेल म्हणतात, लागू दे.

तुझं नवीन काम बघायला येणारच. पण त्याच्या आधी मला ती जागा बघायचीय जिथे तू पडलीस. इथे बसून मी रोज ती डोळ्यासमोर आणते आणि रोज ती जास्त उंच होते. एकदा बघितली की तेवढीच राहील. घोड्यावरून नाही हां, मी चालत येणार. तू हळू चालतेस, मी पण हळू चालते.

दगड सुटे आहेत म्हणतेस. मग चपला चालतील की बूट घेऊ, ते कळव.

तुझी आई,
कमल